फितीवरचे जबाब

वर्ध्यापासून आर्वी-हिंगणघाटपर्यंत कित्येक घरांच्या कपाटांत लग्नकार्यांच्या कॅसेटी वर्षानुवर्षे पडून आहेत. आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने २००६ च्या जुलैत पॅकेज जाहीर केले त्यांत वर्धा असल्यामुळे, त्या सुमारास कॅमेरा घेऊन खेडोपाडी हिंडणाऱ्यांनी कास्तकारांच्या ओसरीवर टिपलेले पुष्कळसे जबाबही मिनी-डीव्ही फितींवरच असणार. हा सारा ऐवज संगणकावर उतरवण्याची मुदत सरत आली आहे. फिती वाचणारी यंत्रे २०२५ च्या सुमारास दुर्मिळ होतील, असा इशारा युनेस्कोसारख्या संस्थांनी २०१९ मध्येच दिला होता.

मिनी-डीव्हीची फीत केवळ ६.३५ मिलिमीटर रुंद. तिच्यावर चित्राच्या तिरप्या रेघा असतात, प्रत्येक रेघ १० मायक्रॉनची, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक, आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका चित्रचौकटीला अशा १२ रेघा लागतात. म्हणूनच वैशाखातील भाजून काढणाऱ्या उन्हानंतर आषाढाची ओल लागून बुरशीचा एखादा ठिपका उमटला, तर तेवढ्यानेही चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. बुरशी दिसल्यास ती कॅसेट कॅमेऱ्यात मुळीच घालू नये, जाणकाराच्या हवाली करावी. निरोगी कॅसेट मात्र कडेची छोटी पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवून, एकवार शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो.

व्हीएचएस किंवा हाय-एट फितीवरील संकेत अखंड लहरींचा असल्यामुळे तो कॅप्चर कार्डातून अंकांत रूपांतरित करावा लागतो, आणि त्यात थोडी हानी अटळ असते. मिनी-डीव्हीवर मात्र मुळातच अंक असल्याने फायरवायरच्या तारेने उतरवलेली नक्कल अस्सलाबरहुकूम निघते. कॅमेऱ्याच्या यूएसबीवर विसंबू नये, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांत ती स्थिरचित्रांपुरतीच असते. फायरवायरचे कार्ड असलेला जुना डेस्कटॉप शोधावा. तासाभराच्या फितीला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा. या कामात घाई चालत नाही.

संकलनाचा मोह येथेच आवरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. काटछाट नकलेवर करावी आणि उतरवलेली मूळ फाइल, रडणाऱ्या पोरासकट व लांबलेल्या मौनासकट, दोन निराळ्या डिस्कांवर जशीच्या तशी ठेवावी. कारण आज निरर्थक वाटणाऱ्या त्या मौनातच उद्याच्या अभ्यासकाला साक्षीदाराचे मन वाचता येईल. डीव्हीच्या फितीवर चित्रासोबत दिनांक आणि वेळही नोंदलेली असते व फायरवायरने तीही उतरते, अर्थात कॅमेऱ्याचे घड्याळ त्या वेळी बरोबर लावलेले असेल तर. गाव कोणते, बोलणारी बाई कोण, मागे उभा असलेला म्हातारा कोणाचा, ही माहिती मात्र कोणतीही तार आणून देणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती त्याच बैठकीत वहीत टिपून घ्यावी.