माशी नेमकी कुठे शिंकली?

काय-स्क्वेअर म्हटलं की आठवतो तो मॅथ्सचा पेपर. टेबल भरा, बेरीज करा, 'हायपोथेसिस अ‍ॅक्सेप्टेड' लिहा आणि मोकळे व्हा! पण खरी गंमत येते ती ही टेस्ट फेल झाल्यावर.

मेंडेलने 1865 मध्ये वाटाण्यांवरून सांगितलं की दोन गुण पुढच्या पिढीत स्वतंत्रपणे उतरतात. दोन नाणी एकदम उडवावीत तसं. त्याचे आकडे होते 315, 108, 101 आणि 32. 9:3:3:1 शी ताडून पाहिलं तर काय-स्क्वेअर येतो फक्त 0.47. सुरेख!

आता पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी ती बारीक माशी घ्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन या माश्या चक्क दुधाच्या बाटल्यांत पाळायचा. शुद्ध जातीच्या राखाडी, लांब पंखांच्या माश्या आणि काळ्या, खुरट्या पंखांच्या माश्या यांचा संकर केला. त्यातली मादी काळ्या-खुरट्या नराशी जोडली. गुण स्वतंत्र असतील तर चारही प्रकारची पिल्लं सारखी हवीत. म्हणजे 2300 मध्ये प्रत्येकी 575.

मिळाली किती? राखाडी-लांब 965, काळी-खुरटी 944, राखाडी-खुरटी 206, काळी-लांब 185. (आपल्या लॅबमध्ये असं रीडिंग आलं असतं तर आधी खोडरबर शोधला असता!) प्रत्येक फरकाचा वर्ग करा, 575 ने भागा, बेरीज करा. उत्तर सुमारे 1002.6. प्रकार चार, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम तीन, आणि 5 टक्क्यांची मर्यादा 7.815. गुण खरंच स्वतंत्र असते तर निव्वळ योगायोगाने ही मर्यादा शंभरात पाचच वेळा ओलांडली गेली असती. इथे नशिबाला दोष देण्याची सोयच नाही.

पण टेस्ट एवढंच सांगते की माशी शिंकली. कुठे, ते टेबलमध्येच बघावं लागतं. आई-बापासारखी पिल्लं जास्त, म्हणजे दोन्ही जीन्स एकाच क्रोमोसोमवर, जोडीने प्रवास करणारे. उरलेली 391, म्हणजे 17 टक्के, क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन झालेली. जीन्स जितके लांब, तितकी ही अदलाबदल होण्याची शक्यता जास्त.

मॉर्गनच्या लॅबमध्ये स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी होता. 1911 मध्ये त्याला सुचलं की ही टक्केवारी अंतर म्हणूनच वापरावी. घरी जाऊन जवळजवळ रात्रभर बसला आणि क्रोमोसोमचा पहिला नकाशा काढला. तो 1913 मध्ये छापून आला. त्या रात्रीचा होमवर्क मात्र राहिला तो राहिलाच.