पोटात रडार, नाकात छर्रे
(मापातली विमानं : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण मापाचं गणित केलं. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथे एका इंचात बसतात. आज त्याच मापात एक विमान जोडायला घेऊ : जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरून एके काळी उडणारं आणि पाणबुड्या हुडकणारं ब्रेगे अलिझे. विमान फ्रेंच बनावटीचं. फ्रान्सच्या नौदलाखेरीज ते वापरलं फक्त आपण. पंखांचा विस्तार १५.६ मीटर, म्हणजे टेबलावर पावणेबावीस सेंटिमीटरही भरत नाही. विक्रांत याच मापात करायची म्हटली तर मात्र तीन मीटरला जाते. आमच्या सोप्यातून ती वळणारच नाही, म्हणून तो बेत सोडला.

अलिझेचं पोट असं सुटलेलं का, हे कळायला आधी पाणबुडीची अडचण समजून घ्यावी लागते. डिझेलवाली पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की इंजिन चालवायला हवा लागते. मग ती वर येते, निदान हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढते. एवढ्या समुद्रात ती वीतभर नळी टिपायची तर ताकदीचं रडार हवं आणि तासन्‌तास संथ घिरट्या घालणारं विमान हवं. सुरुवातीला रडार आणि हत्यारं एका विमानात मावतच नव्हती. अमेरिकेची ग्रुमन गार्डियन विमानं म्हणून जोडीनं उडत. एक हुडकायचं, दुसरं मारायचं. पुढे ब्रिटिशांच्या गॅनेटनं आणि अमेरिकेच्या ट्रॅकरनं दोन्ही कामं एकट्यानं उचलली. ६ ऑक्टोबर १९५६ रोजी पहिल्यांदा उडालेलं अलिझे याच पिढीतलं.

त्याची कुळकथा गमतीची आहे. ब्रेगेनं आधी व्हल्चर नावाचं हल्ल्याचं विमान केलं होतं. त्याच्या नाकात पंख्याचं इंजिन आणि शेपटीत जेट, असा दुहेरी संसार होता. पाणबुडीमागे घिरट्या घालायला जेट कशाला? ते काढलं आणि पोटात रडारसाठी जागा झाली. हे रडार घमेल्यासारख्या घुमटात बसवलेलं असतं. शोध घेताना खाली उतरतं, एरवी पोटात जातं. त्यामुळे किटमध्ये घुमट उघडा लावायचा की मिटलेला, हे आधी ठरवा. डेकवर उभं विमान दाखवायचं असेल तर तो पोटातच ठेवा.

पंखांच्या पुढच्या कडेला दोन फुगीर कोठ्या दिसतात. नवखा माणूस त्यांना इंजिनं समजतो. इंजिन एकच, नाकातलं रोल्स रॉइस डार्ट. कोठ्यांमध्ये मागे चाकं मिटतात आणि पुढे सोनोबॉय भरलेले असतात. सोनोबॉय म्हणजे पाण्यात टाकायचा कान. तो पाणबुडीचा आवाज ऐकतो आणि रेडिओवरून विमानाला कळवतो. पंख मुडपतात ते या कोठ्यांच्या बाहेर. या कोठ्या पॉलिश पेपरनं घासताना घाई करू नका, अलिझेचा चेहरा तिथेच आहे.

आमच्या कडेगावात मोहरमचे गगनचुंबी ताबूत बांधताना पाहिलेल्या माणसाला क्रमाचं महत्त्व सांगावं लागत नाही. तिथे आधी कळस, मग पाया. किटचाही असाच एक क्रम असतो आणि तो मी चुकवला. धडाचे दोन अर्धे भाग चिकटवले, सांधा पुट्टीनं भरला, रंग दिला, चाकं लावली आणि विमान टेबलावर ठेवलं. ते शेपटीवर बसलं! खऱ्या अलिझेच्या नाकात डार्टचं वजन असतं, प्लॅस्टिकच्या नाकात नुसती हवा. तिथे वजन भरायचं ते धड बंद करण्यापूर्वी. शेवटी सायकलच्या दुकानातून छर्रे आणले, पंख्याच्या भोकातून एकेक आत सोडले आणि वरून फेव्हिकॉल ओतलं. रात्रभर ते नाक खाली करून पेल्यात उभं होतं.

हे विमान चालवणारं आपलं ३१० वं स्क्वाड्रन २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समध्ये इएर इथे उभं राहिलं. १९७१ च्या युद्धात विक्रांतचा एक बॉयलर निकामी होता, त्यामुळे तिला पुरेसा वेग घेता येत नव्हता. तरीही तिच्यावरून अलिझे उडाली आणि पाणबुड्यांसाठी केलेल्या या विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या बंदरांवर बॉम्ब टाकले. १० डिसेंबरला पश्चिमेकडे एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटरनं पाडलं. आतले तिघेही परतले नाहीत. किटमध्ये तीन खुर्च्या असतात. काच चिकटवण्याआधी त्या नीट रंगवा, मग दिसोत वा न दिसोत.

रंग सोपा आहे : वर गडद राखाडी, खाली फिकट. तिरंगी वर्तुळात केशरी बाहेर आणि हिरवा मध्ये. डेकल पाण्यात सोडण्यापूर्वी एवढं तपासा.

विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत तोडायला घेतली. तिचं पोलाद वितळवून बजाजनं मोटारसायकलीच्या टाकीत वापरलं. अलिझे मात्र गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावर उभं आहे. सुट्टीत गोव्याला जाणार असाल तर तासभर तिकडे काढा आणि फोटो काढताना पंखांवरच्या कोठ्या समोरून, खालून आणि बाजूनं घ्या. किटच्या कागदावर त्या नेमक्या कळत नाहीत.