हिमावरील धांव : लहान गाडीसाठीं हिंवाळी टायरांची निवड

बैलगाडीचें चाक ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें आहे, त्यांस धांव म्हणजे काय हें सांगावयास नको. लोहार लोखंडाचा पट्टा तापवून लांकडी चाकावर चढवितो, वर पाणी ओततो, आणि पट्टा आकसून चाकास घट्ट बसतो. गाडीचा सारा भार व वाटेचे सारे आघात तीच सोशिते. मोटारीच्या चाकावरील रबरी टायर हीहि एक धांवच होय. गाडी कितीहि मोलाची असो, तिचें इंजिन कितीहि कुशलतेनें रचिलेलें असो, जमिनीशीं तिची गांठ पडते ती अवघ्या चार तळहातांएवढ्या जागेंत. ही गोष्ट आपल्याकडे सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या देशांत वर्षांतील चार महिने रस्ते हिमानें झांकलेले असतात, तेथें हिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कॅनडा देशांत, क्वेबेक प्रांतांतील माँट्रिऑल नगरांत नोकरीनिमित्त जाऊन राहिला आहे. तेथें त्यानें टोयोटा कंपनीची प्रियस सी नांवाची एक लहान, जुनी हायब्रिड गाडी विकत घेतली. नोव्हेंबर महिन्यांतील एके सकाळीं मुलीस मागील आसनावर बसवून तो शाळेकडे निघाला असतां रात्रीं थोडें हिम पडलें होतें. चौकाजवळ तांबडा दिवा पाहून त्यानें ब्रेक दाबिला. चाकें थांबलीं, पण गाडी थांबेना! ती तशीच सरकत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. समोरून येणाऱ्या बसच्या चालकानें वेळींच गति आंवरली म्हणून अनर्थ टळला. "त्या दिवशीं मला कळलें," असें तो आम्हांस लिहितो, "कीं ब्रेक चाक थांबवितो, गाडी थांबवितो तो टायर." त्यानें पुढें जी चौकशी केली, ती त्याच्या पत्रांतून व अन्य माहितीच्या आधारें आम्ही येथें आमच्या वाचकांपुढें ठेवितों. शास्त्राच्या वर्गांत शिकलेले घर्षणाचे नियम व्यवहारांत कसे उपयोगी पडतात, हें त्यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येईल.

प्रथम थोडें गणित करूं. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीचा वेग सेकंदास सुमारें १३.९ मीटर होतो. वेगाच्या वर्गास घर्षणगुणक व गुरुत्वप्रवेग यांच्या गुणाकाराच्या दुपटीनें भागिलें असतां गाडी थांबण्यास लागणारें अंतर मिळतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणक ०.८ च्या सुमारास असतो. त्या हिशेबानें गाडी १२ मीटरांत थांबते. दबलेल्या हिमावर गुणक ०.२ धरिला तर तेंच अंतर ४९ मीटर होतें, आणि निखळ बर्फावर ०.१ धरिला तर ९८ मीटर! म्हणजे एका खोलीच्या लांबीइतक्या अंतरांत थांबणारी गाडी मैदानाच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकापर्यंत घसरत जावी, तसा हा प्रकार आहे. उलट वेग ताशीं ३० वर आणिला तर त्याच हिमावर १८ मीटर पुरतात. यावरून दोन बोध निघतात : पहिला, वेग कमी करावा, दुसरा, घर्षण वाढेल असा टायर वापरावा. चारहि चाकांना गति देणारी गाडी घेतल्यानें पहिल्या चालीस साहाय्य होतें, पण थांबण्याच्या कामीं तिचा कांहीं उपयोग होत नाहीं. कारण थांबतांना प्रत्येकच गाडीचीं चारहि चाकें ब्रेकानें धरिलीं जातात.

आतां असें विचारतील कीं, रबर तें रबर; त्यांत उन्हाळी आणि हिंवाळी असा भेद कसला? रबराचा गुण लवचिकपणा हा होय. रस्त्याच्या पृष्ठावरील बारीक उंचसखल जागांत तें दबून शिरतें, त्यामुळें पकड येते. परंतु थंडी वाढतांच रबर ताठर होत जातें. साधारणतः तपमान ७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं गेलें कीं उन्हाळी टायरांची पकड उणावूं लागते, असा व्यवहारांतील दंडक आहे. माँट्रिऑल येथें जानेवारींतील सरासरी तपमान उणे १० अंशांच्या आसपास असतें व वर्षाकाठीं सुमारें दोन मीटर हिम पडतें. अशा थंडींत तें रबर जोड्याच्या जुन्या वाळलेल्या तळव्यासारखें कठीण होतें. हिंवाळी टायराचें रबर निराळ्या मिश्रणाचें असल्यामुळें कडक थंडींतहि मऊ राहतें. तोच टायर उन्हाळ्यांत वापरला तर मऊपणामुळें लवकर झिजतो. "बाराही महिन्यांचे" म्हणून जे टायर विकले जातात ते या दोहोंमधील तडजोड होत. आमच्या माजी विद्यार्थ्याच्या गाडीस असेच टायर होते, आणि त्यांच्या नांवावर त्यानें विश्वास ठेविला होता.

दुसरा भेद घडणीचा आहे. हिंवाळी टायरावरील खांचा खोल व रुंद असतात; त्यांत हिम दाबून बसतें. आश्चर्य वाटेल, पण हिमाची उत्तम पकड हिमावरच बसते. हिमाचा गोळा जमिनीवर लोळविला असतां तो कसा वाढत जातो हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें पटेल. शिवाय रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात. गाडीच्या भारानें त्या उघडून त्यांच्या अनेक कडा बर्फास धरितात, व बर्फावरील पाण्याचा पातळ थर बाजूस सारितात. बर्फाचें तपमान शून्य अंशाच्या जवळ असतां हा थर अधिक असतो. म्हणून अतिशय कडक थंडीपेक्षां वितळूं लागलेला बर्फच अधिक घातक ठरतो.

ही कल्पना नवी नव्हे. फिनलंड देशांतील ज्या कारखान्यास आज नोकियन असें म्हणतात, त्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं खास हिंवाळी टायर तयार केला आणि १९३६ सालीं लहान गाड्यांसाठीं हक्कापेलिटा नांवाचा टायर काढिला. तीस वर्षांच्या युद्धांत लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचें तें नांव आजहि चालू आहे.

टायर निवडतांना प्रथम त्याच्या बाजूवरील खुणा वाचण्यास शिकावें. तीन शिखरांचा पर्वत व त्यांत हिमाचा एक कण अशी खूण असेल तर तो टायर हिमावरील ठराविक कसोटीस उतरला आहे असें समजावें. केवळ "एम" आणि "एस" हीं अक्षरें असल्यास त्यावर विसंबूं नये. त्या अक्षरांचा अर्थ चिखल व हिम असा असला तरी त्यांच्यामागें तशी परीक्षा नसते. क्वेबेक प्रांताचा कायदा याच कारणास्तव पर्वताची खूण अथवा खिळे असलेला टायर मागतो. तेथें १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत असे टायर लावणें सक्तीचें आहे. हा कायदा २००८ सालापासून अंमलांत आहे. प्रारंभीं मुदत १५ डिसेंबरपासून होती, ती २०१९ सालीं अलीकडे ओढिली गेली. जर्मनींत २०१० पासून रस्त्यावर हिम वा बर्फ असतां हिंवाळी टायर आवश्यक ठरले आहेत. परंतु कायद्याची तारीख ही हिमाची तारीख नव्हे. आमच्या माजी विद्यार्थ्यावर प्रसंग आला तो नोव्हेंबरांत, कायदा लागू होण्यापूर्वीं.

त्यानंतर आकार पाहावा. या गाडीचे मूळ टायर १७५/६५ आर १५ या मापाचे होते. १७५ ही टायराची रुंदी मिलिमीटरांत. ६५ हें बाजूच्या उंचीचें रुंदीशीं शेंकडा प्रमाण. "आर" म्हणजे आंतील दोरे आडवे घातलेला रेडियल प्रकार. आणि १५ हा चाकाचा व्यास इंचांत. पुढें ८४ हा भारांक असतो, त्याचा अर्थ एक टायर ५०० किलो भार वाहूं शकतो असा. सुमारें ११३० किलो वजनाच्या या गाडीस तो पुरून उरतो. भारांक मुळापेक्षां कमी कधींहि घेऊं नये. रुंद टायर दिसावयास डौलदार, म्हणून कित्येकांस त्यांचा मोह पडतो. परंतु हिमावर तो मोह आवरावा. अरुंद टायर मऊ हिम व चिखलवजा पाणी कापून खालच्या कठीण थरास लागतो, रुंद टायर त्यावर तरंगूं पाहतो. लहान गाडीचें अरुंद चाक हें येथें वैगुण्य नसून भूषण आहे.

हायब्रिड गाडीसंबंधीं चार गोष्टी निराळ्या सांगितल्या पाहिजेत. या गाडींत पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर अशीं दोन शक्तिस्थानें असतात. विजेची मोटर जागच्या जागीं पूर्ण जोर लावूं शकते. तो जोर हिमावर आला तर चाक फिरतें व गाडी जागचीच राहते. तें टाळण्यासाठीं गाडींतील यंत्रणा जोर आपोआप कमी करिते, आणि चढावर गाडी रुसून बसल्यासारखी वाटते. दोष यंत्राचा नसतो. धांवेस पकड नसते. तसेंच वेग कमी करतांना मोटर उलट काम करून वीज निर्माण करिते व ती बॅटरींत सांठविते. हा रोध या गाडींत पुढील चाकांवरच पडतो. म्हणून निसरड्या उतारावर अधिक रोध देणारी "बी" ही जागा लावूं नये. पुढील चाकें घसरलीं तर गाडी वळविण्याची सत्ताच हातून जाते.

तिसरी गोष्ट इंधनाची. हायब्रिड गाडी घेणारा मनुष्य बहुधा काटकसरी असतो, आणि मूळ टायर कमी रोधानें लोळणारे असतात. हिंवाळी टायर मऊ व खोल खांचांचे असल्यानें त्यांस अधिक शक्ति लागते. त्यांतच थंडीनें बॅटरीचें बळ घटतें व गाडीच्या आंत ऊब राखण्यासाठीं इंजिन वारंवार चालू राहतें. तेव्हां हिंवाळ्यांत पेट्रोल कांहीं जास्त लागणारच. हलके लोळणारे हिंवाळी टायरहि मिळतात. पकड सारखी असेल तर ते अवश्य घ्यावे. परंतु चार थेंब पेट्रोल वांचविण्यासाठीं पकड कमी करणें म्हणजे दिव्याचें तेल वांचवून अंधारांत विहिरीच्या कांठानें चालण्यासारखें होय.

चवथी गोष्ट अशी कीं, पुढील चाकांना गति मिळते म्हणून पुढेंच दोन हिंवाळी टायर लावावे असा विचार कित्येकांच्या मनांत येतो. हा विचार घातक आहे. ब्रेक लाविल्यावर पुढील चाकें जमीन धरितात, मागील घसरतात, आणि गाडी गरकन् फिरते. टायर घ्यावे तर चारहि, व एकाच जातीचे.

खिळ्यांचे टायर घ्यावे कीं साधे? गांवाबाहेर ज्यांस नित्य निखळ बर्फावरून जावयाचें असतें त्यांस खिळे उपयोगी पडतात. पण ते मोकळ्या रस्त्यावर आवाज करितात व डांबर उकरितात. जर्मनींत सामान्यतः त्यांस मनाई आहे; फिनलंड व स्वीडन येथें ते हिंवाळ्यांत चालतात. ज्या शहरांत रस्ते वारंवार साफ केले जातात तेथें बिनखिळ्यांचे मऊ टायर बहुधा पुरेसे होतात. आमच्या माजी विद्यार्थ्यानें तेच पसंत केले, आणि निराळ्या साध्या पोलादी चाकांवर बसवून घेतले. त्यामुळें प्रत्येक ऋतूंत टायर काढून चढविण्याचा खर्च वांचतो, आणि मूळ चाकें रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या मार्‍यांतून सुटतात.

जुने टायर स्वस्त मिळतात म्हणून घ्यावयाचे असल्यास दोन गोष्टी तपासाव्या. टायराच्या बाजूस चार अंक असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. म्हणजे ४०२२ असें असल्यास तो टायर २०२२ सालच्या चाळिसाव्या आठवड्यांत तयार झाला. वयानें रबर कठीण होतें, मग खांचा कितीहि खोल दिसोत. दुसरें, खांचांची खोली मोजावी. युरोपांत सर्वसाधारण कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी ४ मिलिमीटरांच्या खालीं हिमावरील गुण झपाट्यानें जातो. ऑस्ट्रियाच्या कायद्यांत हिंवाळी टायरास ४ मिलिमीटरच सांगितले आहेत. थंडीनें आंतील हवा आकसते, म्हणून तिचा दाब वरचेवर, गाडी थंड असतांना, पाहावा.

आपल्या महाराष्ट्रांत हिम पडत नाहीं. तथापि या शाळेंतून बाहेर पडणारीं मुलें आज दूरदूरच्या देशीं जातात. आणि २०२० सालीं अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीपलीकडील लाहौल खोऱ्यांत हिंवाळ्यांतहि गाड्या जाऊं लागल्या आहेत. तेव्हां ही माहिती अगदींच परकी नव्हे. कोंकणांतील पावसाळी घाटांतहि झिजलेल्या टायराचा न्याय हाच आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्याच्या दुसऱ्या पत्रांतील एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. नवे टायर लाविल्यावर जानेवारींत तो त्याच चौकांत आला. हिम पूर्वींपेक्षां अधिक होतें. त्यानें वेग आधींच कमी केला होता. तांबडा दिवा लागला, ब्रेक दाबिला, आणि गाडी रेषेच्या अलीकडे उभी राहिली. मागून मुलीनें विचारलें, "बाबा, आज आपण घसरलों कसे नाहीं?" तो लिहितो कीं, त्या प्रश्नाचें उत्तर देतांना टायराचें मोल त्यास पुन्हा जड वाटलें नाहीं.