रडं, झोप आणि स्वभाव: बाळराजांच्या डझनभर गमती

बाळ रडायला लागलं की घरात निदानांची चढाओढ सुरू होते. आजी म्हणते, पोट दुखतंय. आत्या म्हणते, दृष्ट लागली. शेजारच्या काकू बाळाच्या आईकडे रोखून बघत विचारतात, "काल काय खाल्लं होतंस गं?" गेली दीडशे वर्षं शास्त्रज्ञही याच पाळण्याभोवती घुटमळताहेत. मात्र त्यांच्या हातात खुळखुळ्याबरोबर नोंदवही आणि हृदयाचे ठोके मोजायचं यंत्रही असतं. त्यांनी टिपलेल्या या बारा गमती. एका हातावर बाळ झोपलेलं असलं तरी दुसऱ्या हाताने वाचता येतील अशा.

१. नऊ कसोट्या, साडेतीन खण
१९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायकोने शंभरावर बाळांच्या वागण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. बाळ वळवळतं किती, भुकेची आणि झोपेची वेळ पाळतं का, अनोळखी माणूस दिसल्यावर काय करतं, चिडलं तर किती जोरात चिडतं, अशा नऊ कसोट्या होत्या. सुमारे ४० टक्के बाळं 'सोपी' निघाली, १० टक्के 'अवघड' आणि १५ टक्के 'हळूहळू रुळणारी'. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात नीट बसेनात! त्या काळी अमेरिकेतही मुलाच्या प्रत्येक अडचणीचं खापर आईच्या डोक्यावर फुटायचं. या जोडप्याने ठणकावून सांगितलं की मूल थोडाफार स्वभाव जन्मतःच घेऊन येतं.

२. चौथ्या महिन्यातली परीक्षा
हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत झुंबर हलवायचे, अनोळखी आवाज ऐकवायचे, उग्र वासाचा कापसाचा बोळा नाकाजवळ धरायचे. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडून भोकाड पसरायची. सुमारे ४० टक्के मात्र 'चालू द्या तुमचं' अशा थाटात पडून राहायची. पुढे गंमत अशी झाली की भोकाड पसरणाऱ्यांतली बरीच मुलं दुसऱ्या वर्षी लाजाळू आणि सावध दिसली, आरडाओरडा करणारी नव्हे. दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, चौदाव्या महिन्यात बुजणारी बाळं २६व्या वर्षी जास्त अबोल, आपल्यातच रमणारी निघाली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पण पाळण्यात दिसलेले पाय म्हणजे कुंडली नव्हे. केगन यांच्या त्या अतिसावध बाळांपैकी बहुतेक मोठेपणी अगदी चारचौघांसारखीच झाली.

३. रडण्यालाही मायबोलीची चाल
जर्मनीतल्या कॅथलीन वेर्मके यांनी २००९ मध्ये ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढत जायचं, जर्मन बाळांचं वरून खाली उतरायचं. दोन्ही भाषांच्या बोलण्याचा हेलही असाच आहे. आईच्या पोटात शेवटचे तीन महिने तिचं बोलणं कानावर पडत असतं, त्याचा हा परिणाम. पहिला शब्द फुटायला वर्ष लागतं, पण चाल आधीच पाठ झालेली असते.

४. कोरडं रडं
नवजात बाळ घसा फाटेस्तोवर रडतं, पण गालावर टिपूस नाही. म्हणून ते ढोंगी ठरत नाही. अश्रूंचं काम पूर्ण सुरू व्हायला काही आठवडे जातात. खुद्द चार्ल्स डार्विनने हे आपल्या एका बाळावर पाहिलं. त्याच्या कोटाची बाही चुकून बाळाच्या डोळ्याला लागली. ७७ दिवसांच्या त्या बाळाच्या तेवढ्याच डोळ्याला पाणी आलं, आणि बाळ किंचाळत असूनही दुसरा डोळा कोरडाच राहिला. रडताना गालावरून अश्रू ओघळले ते १३९व्या दिवशी. डार्विनने ही नोंद १८७२च्या पुस्तकात छापली. बाप असावा तर असा चौकस!

५. 'कडेवर घेऊन सवय लावू नकोस!'
हे वाक्य ऐकलं नाही अशी आई महाराष्ट्रात सापडणं कठीण. १९८६ मध्ये माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार या डॉक्टरांनी काही पालकांना सांगितलं की बाळ रडो वा न रडो, त्याला दिवसभरात जास्त वेळ उचलून घ्या. सहाव्या आठवड्यात, म्हणजे बाळं सगळ्यात जास्त रडतात त्याच सुमाराला, या बाळांचं रडणं इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरलं. संध्याकाळची किरकिर तर निम्म्याने घटली. तेव्हा पुढच्या वेळी कुणी टोकलं तर हा आकडा तोंडावर फेका.

६. पाच मिनिटं चाला, आठ मिनिटं बसा
बाळ खांद्यावर गाढ झोपतं आणि पाळण्यात टेकवताच टक्क डोळे उघडतं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या चमूने २०२२ मध्ये बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून यावर तोडगा सुचवला. रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता, एका लयीत चालायचं. झोप लागली की लगेच ठेवायचं नाही. त्याला घेऊन पाच ते आठ मिनिटं बसायचं, मग ठेवायचं. बाळाला जाग येते ती पाठ गादीला लागल्याने नव्हे, तर आईबाबांचं अंग सुटू लागताच. ठेवताना मात्र पाठीवरच ठेवा. झोपेतल्या अचानक मृत्यूंचा धोका त्याने कमी होतो.

७. झोपेतली नाचानाची
झोपलेलं बाळ हसतं, ओठ मुडपतं, पापण्यांआड त्याची बुबुळं फिरतात. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवते. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशीच चळवळी असते. मोठ्या माणसाच्या झोपेचा असा भाग साधारण एक पंचमांश ते पाव. शिकागोत युजीन असेरिन्स्की झोपलेल्या बाळांचे डोळे निरखायचं कंटाळवाणं काम करत होता. त्यातूनच त्याला झोपेतल्या डोळ्यांच्या हालचालींचा नाद लागला. पुढे त्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला यंत्र जोडलं आणि १९५३ मध्ये आपले गुरू नॅथनिएल क्लाइटमन यांच्यासह 'आरईएम' म्हणजे झरझर डोळे फिरणाऱ्या या झोपेचा शोध जाहीर केला.

८. 'रात्रभर झोपतो ना?'
बारशापासून विचारला जाणारा प्रश्न. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये त्याचं उत्तर दिलं. सहाव्या महिन्यात सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही सुमारे २८ टक्क्यांचं तेच. महत्त्वाचं म्हणजे, उठणाऱ्या आणि न उठणाऱ्या बाळांच्या वाढीत संशोधकांना फरक सापडला नाही. तुमचं बाळ उठत असेल तर ते मागे पडलेलं नाही. झोप उडाली आहे ती तुमची.

९. न्यूझीलंड निजलं, हाँगकाँग जागं
२०१० मध्ये जोडी मिंडेल यांच्या पाहणीत १७ देश-प्रदेशांतली तीन वर्षांखालची २९ हजारांवर मुलं होती. त्यांत भारतातलीही होती. न्यूझीलंडची मुलं सरासरी संध्याकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी निजायची, हाँगकाँगची रात्री १० वाजून १७ मिनिटांनी. न्यूझीलंडमध्ये आईबाबांच्या अंथरुणात झोपणारी मुलं ६ टक्क्यांच्या आत, व्हिएतनाममध्ये ८३ टक्के. 'योग्य' झोपेचे नियम गावोगाव बदलतात, हे इंटरनेटवरचे सल्ले वाचताना लक्षात ठेवा.

१०. डुलकी म्हणजे गृहपाठ
सहा आणि बारा महिन्यांच्या बाळांना संशोधकांनी बाहुलीच्या हातातला मोजा काढून त्यातली घंटी वाजवून दाखवली. त्यानंतरच्या चार तासांत ज्यांनी निदान अर्धा तास झोप काढली, त्यांना ते लक्षात राहिलं. ज्यांची झोप झाली नाही, ती कोरी पाटी. उलट बाजूने, अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या एका छोट्या प्रयोगात अडीच-तीन वर्षांच्या दहा मुलांची दुपारची झोप एकदाच चुकवली. कोडं सुटल्याचा आनंद कमी झाला आणि न सुटणाऱ्या कोड्यावरची चिडचिड वाढली. लग्नाच्या हॉलमध्ये दुपारी तीनला पोर का बिथरतं, ते कळलं ना?

११. आईचा चेहरा हाच सिग्नल
१९८५ मध्ये वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर रांगायला लावलं. काचेखाली मध्येच एक 'खड्डा' दिसायचा, पलीकडे आई उभी. तिने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. तिने घाबरल्याचा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही पुढे सरकलं नाही. बाळ धडपडलं की 'अगं बाई!' म्हणून किंचाळण्याआधी हे आठवा. रडायचं की नाही, ते तुमच्याकडे बघून ठरतं.

१२. खाऊसमोर घोरणारे वीर
'हा खाऊ आत्ता खाऊ नकोस, थांबलास तर दोन देईन' हा वॉल्टर मिशेल यांचा १९६०च्या दशकाअखेरचा स्टॅनफर्डमधला प्रयोग प्रसिद्ध आहे. थांबणारी मुलं आयुष्यात पुढे जातात, असा त्याचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये ९००हून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, घरची परिस्थिती हिशेबात धरली आणि तो दावा बराच आकसला. खरी मजा कॅमेरूनमध्ये झाली. तिथल्या एन्सो समाजाच्या चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ७० टक्के थांबली, जर्मन मुलांपैकी अवघी २८ टक्के. काही एन्सो पोरं तर खाऊ समोर ठेवून चक्क झोपी गेली!

आता या सगळ्याचं सार. नेदरलँड्समध्ये दिमफ व्हॅन डेन बोम यांनी जन्मतः किरकिरी असलेली १०० बाळं निवडली. त्यांतल्या निम्म्यांच्या आयांना बाळाचे इशारे ओळखून प्रतिसाद द्यायला शिकवलं. वर्षाची होईस्तोवर ही बाळं दुसऱ्या गटापेक्षा आईशी जास्त निर्धास्तपणे जोडली गेली. थॉमस आणि चेस यांचा निष्कर्षही हाच होता की बाळ सोपं की अवघड यापेक्षा त्याचं आणि घराचं जुळतं कसं, ते महत्त्वाचं. बुजरं बाळ असेल तर पाहुण्यांच्या मांडीवर ढकलू नका, रुळायला दहा मिनिटं द्या. वळवळं असेल तर रांगायला जागा करा. 'हट्टी', 'रडका', 'चिकट' ही बिरुदं बाळाला चिकटवू नका. आणि पुढच्या वेळी बाळ बघायला गेलात, तर त्याच्या झोपेची चौकशी नंतर करा. आधी ते तासभर सांभाळा आणि त्याच्या आईला झोपू द्या.