वार ठरलेल्या रुग्णांचा कोविडकाळ

चीनमधल्या १,०९९ कोविड रुग्णांचा मोठा अभ्यास २०२० च्या फेब्रुवारीअखेर प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाचे रुग्ण १५ टक्के, मधुमेहाचे ७.४ टक्के आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे अवघे ०.७ टक्के होते. जगभरच्या डॉक्टरांनी हे आकडे पाठ केले आणि मूत्रपिंड धोक्यांच्या यादीच्या तळाशी गेले. खरे तर तिथेच शंका यायला हवी होती. चीनमधल्या प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोकांना हा विकार असल्याचे आधीच्या राष्ट्रीय पाहणीत दिसले होते. मग रुग्णालयात भरती झालेल्या आजारी लोकांत तो एक टक्काही कसा नसेल? विकार होता, फक्त कोणी तो विचारला नव्हता आणि रुग्णालाही ठाऊक नव्हता. मूत्रपिंड निम्म्याहून अधिक निकामी होईपर्यंत दुखत नाही, खुपत नाही. वूहानच्याच टोंगजी रुग्णालयातल्या ७०१ रुग्णांची लघवी आणि रक्त तपासले गेले, तेव्हा चित्र पालटले. ४३.९ टक्के रुग्णांच्या लघवीत प्रथिने सापडली. भरती होताना ज्यांच्या रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचे द्रव्य, वाढलेले होते त्यांच्यापैकी ३३.७ टक्के दगावले. ज्यांचे ठीक होते त्यांच्यापैकी १३.२ टक्के. पुढच्या तीन वर्षांकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. या रुग्णांना विषाणूचा धोका होताच, पण त्या धोक्याचा मोठा भाग व्यवस्थेने वाढवून ठेवला होता, आणि तो टाळता येण्याजोगा होता.

पहिला आक्षेप वयाचा. मूत्रपिंडाचे रुग्ण बहुधा वयस्क, बहुधा मधुमेही. मग दोष मूत्रपिंडाचा की वयाचा? याचे उत्तर २०२० च्या जुलैमध्ये इंग्लंडमधून आले. तिथल्या एक कोटी सत्तर लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी कोविड मृत्यूंशी जोडून पाहणारा ‘ओपनसेफली’ हा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. वयाचा प्रभाव सर्वांत मोठा होता, यात वाद नाही. ऐंशी ओलांडलेल्यांचा धोका पन्नाशीतल्यांच्या सुमारे वीसपट होता. पण वय, लिंग, वजन, मधुमेह, हृदयविकार, गरिबी हे सगळे हिशेबात घेऊनही मूत्रपिंडाचा वाटा उरलाच. मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता (ईजीएफआर) ३० ते ६० च्या दरम्यान असलेल्यांचा धोका १.३३ पट, तिसाच्या खाली गेलेल्यांचा २.५२ पट, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचा साडेतीन पट. अनियंत्रित मधुमेहाचा आकडा १.९५ होता. म्हणजे मूत्रपिंडाचा गंभीर विकार हाताबाहेर गेलेल्या मधुमेहापेक्षा भारी ठरला. आणि प्रत्येक सरकारी जाहिरातीत आघाडीवर असलेला ‘हाय बीपी’? बाकीच्या गोष्टी वजा केल्यावर त्याचा वेगळा असा धोका उरलाच नाही. (त्याच रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या विषाणूला दार उघडून देतात, अशी आवई मार्चमध्ये उठली होती. मूत्रपिंड जपणाऱ्या या गोळ्या घाबरून बंद करणाऱ्यांचे नुकसानच होणार होते. ब्राझीलमधल्या चाचणीने त्या थांबवून काही फायदा नसल्याचे दाखवले, पण तोवर बरेच महिने गेले होते.)

१.३३ पट म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. एका माणसापुरते ते खरे आहे. पण डायलिसिसवरचा एक रुग्ण असतो तेव्हा त्याच्या मागे मधल्या टप्प्यांवरचे कितीतरी रुग्ण असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण रुग्ण आहोत हेच माहीत नसते. लहानसा धोका फार मोठ्या गटाला लागला की मृतांच्या संख्येत त्याची भर मोठी पडते. यादी करणाऱ्यांचा डोळा मात्र कायम डायलिसिसच्या खुर्चीवर राहिला. तिच्या आधीचा सगळा प्रवास कोणत्याच यादीत बसला नाही.

आता त्या खुर्चीकडे येऊ, कारण आपल्याकडची खरी कसोटी तिथे लागली. डायलिसिसच्या रुग्णाचे वार ठरलेले असतात. पाश्चात्य देशांत आठवड्याला तीन, आपल्याकडे खर्चापायी बहुतेकांचे दोनच. प्रत्येक खेपेला चार तास, एका दालनात पाच-दहा यंत्रे, तेच तंत्रज्ञ, तीच प्रतीक्षेची बाकडी. ‘घरीच राहा, सुरक्षित राहा’ हा सल्ला या माणसाला पाळता येत नाही. घरी राहिला तर पोटॅशियम चढते, अंगात पाणी साचते आणि हृदय थांबू शकते. युरोपातल्या नोंदींत कोविड झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी पाचांतला किंवा चारांतला एक महिन्याच्या आत मरण पावत होता. अमेरिकेत २०२० साली डायलिसिसवरच्या रुग्णांची एकूण संख्या घटली, आणि असे तिथे प्रथमच घडले. हा झाला विषाणूचा मार.

भारतात मात्र विषाणू दारात येण्याआधीच दार बंद झाले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मुंबईची लोकल थांबली, राज्यभरची एसटी थांबली. डायलिसिस अत्यावश्यक सेवा असल्याचे कागदावर होते. पण तालुक्याच्या गावातून जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत पोहोचायचे कसे, हे कागदावर नव्हते. देशातल्या १९ मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत पहिल्या काही आठवड्यांतच २,५१७ पैकी ७१० रुग्णांची, म्हणजे २८ टक्क्यांची, एक तरी खेप चुकली आणि १०४ जण यायचेच बंद झाले. ही मोठी, बहुतांश शहरी रुग्णालये होती. छोट्या केंद्रांत याहून बरे असण्याचे कारण नाही. जी केंद्रे उघडी होती तिथे ‘आधी निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ असा आग्रह सुरू झाला. त्यातून एक क्रूर चक्र तयार झाले. खेप चुकलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरते आणि त्याला धाप लागते. तो दारात येतो तेव्हा ती धाप कोविडची वाटते. म्हणून स्वॅब, म्हणून अहवालाची वाट, आणि जिच्यामुळे धाप उतरली असती ती डायलिसिस तेवढा वेळ पुढे ढकललेली. केंद्रात एखादा रुग्ण पॉझिटिव्ह निघाला की केंद्रच बंद, आणि तिथले बाकीचे रुग्ण दुसऱ्या केंद्राच्या दारात. तिथे पुन्हा रिपोर्ट. मुंबईत मूत्रपिंडतज्ज्ञ आणि महापालिका यांनी मिळून पॉझिटिव्ह रुग्णाला कुठल्या यंत्रावर जागा आहे हे सांगणारी ऑनलाइन व्यवस्था उभी केली, तेव्हा शहरापुरती ही कोंडी बरीच सुटली. सुटू शकत होती, हा मुद्दा महत्त्वाचा.

टाळेबंदी नसती तर विषाणूने याहून अधिक बळी घेतले असते, आणि हे सगळे आता मागाहून सुचलेले शहाणपण आहे, असा प्रतिवाद होतो. त्यातला पहिला भाग मान्य करायला हरकत नाही. दुसरा मात्र राजस्थानातल्या आकडेवारीपुढे टिकत नाही. सरकारी विमा योजनेतून डायलिसिस घेणाऱ्या तिथल्या रुग्णांचा अभ्यास राधिका जैन आणि पास्कलिन दुपा यांनी केला. ६३ टक्के रुग्णांच्या उपचारांत खंड पडला होता. मे २०२० मधला मृत्युदर मार्चच्या तुलनेत ६४ टक्क्यांनी जास्त होता. एप्रिल ते जुलै मिळून तो २२ टक्क्यांनी जास्त भरला. एप्रिलअखेर अख्ख्या देशात नोंदलेले कोविड रुग्ण ३५ हजारांच्या आत होते, त्यामुळे हे मृत्यू संसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. शिवाय हे रुग्ण कोणाला अज्ञात नव्हते. योजनेच्या दाव्यांत त्यांच्या नोंदी होत्या, प्रत्येक केंद्राकडे त्यांच्या वारांचे वेळापत्रक टांगलेले होते. एखाद्या साथीत कोणाला, कुठे, कोणत्या दिवशी पोहोचवायचे हे इतके नेमके माहीत असलेला दुसरा गट सापडणे कठीण. टाळेबंदी ठेवूनही त्यांच्यासाठी गाडी पाठवता आली असती.

लसीकरणात हीच चूक वेगळ्या रूपात झाली. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या, ठरावीक वीस व्याधी असलेल्यांना लस खुली झाली. त्या वीसांत मूत्रपिंड होते, पण ते डायलिसिसवर गेलेले किंवा प्रत्यारोपण झालेले, अथवा त्यासाठी यादीत नाव असलेले. गाळण्याची क्षमता वीसवर आलेला, पण अजून डायलिसिस न लागलेला पन्नाशीचा माणूस निव्वळ मूत्रपिंडाच्या आधारावर या यादीत बसत नव्हता. आणि पंचेचाळीसची रेषा? भारतातल्या मूत्रपिंडविकाराच्या नोंदवहीत, ५२ हजारांहून अधिक रुग्णांत, सरासरी वय पन्नाशीच्या आसपास निघाले होते. म्हणजे पंचेचाळीसच्या आतले रुग्ण इथे अपवाद नाहीत. आठवड्यातून दोनदा बंद दालनात चार-चार तास बसणारा तिशीतला तरुण १ मेपर्यंत थांबला, आणि तोवर दुसरी लाट महाराष्ट्रात टिपेला पोहोचली होती. लस अपुरी होती, कुठेतरी रेषा ओढणे भाग होते, हे खरेच. पण डायलिसिसवरचे सगळे रुग्ण, वय न पाहता, देशाच्या लोकसंख्येत मुठीएवढे आहेत. त्यांना आत घेतल्याने रांग लांबली नसती. उलट केंद्रातल्या खुर्चीवरच लस देता आली असती.

तिसऱ्या मात्रेची दिरंगाई तर आणखी कमी समर्थनीय वाटते. रक्तात साचणारी विषद्रव्ये प्रतिकारपेशींना मंद करतात आणि डायलिसिसच्या रुग्णांत लस अर्धवट काम करते, हे कोविडच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. म्हणून तर कावीळ-बीची लस त्यांना दुप्पट ताकदीने आणि जास्त मात्रांत देण्याचा रिवाज आहे. प्रत्यारोपितांच्या बाबतीत २०२१ च्या मार्च-मेमध्येच अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सने आकडे मांडले: एमआरएनए लसीच्या पहिल्या मात्रेनंतर १७ टक्क्यांत, दोन मात्रांनंतर ५४ टक्क्यांत प्रतिपिंडे दिसली. फ्रान्समध्ये तिसऱ्या मात्रेने हे प्रमाण ४० वरून ६८ टक्क्यांवर गेले. अमेरिकेने ऑगस्टमध्ये प्रत्यारोपितांना तिसरी मात्रा दिली. आपल्याकडे ‘प्रिकॉशन डोस’ १० जानेवारी २०२२ ला आला, तोही आरोग्य आणि आघाडीचे कर्मचारी आणि साठीपुढचे व्याधिग्रस्त यांनाच, दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिन्यांनी. तोवर ओमायक्रॉन येऊन ठेपला होता. तो सौम्य निघाला ही त्या रुग्णांच्या नशिबाची गोष्ट. नियोजनाला त्याचे श्रेय नाही. त्याआधी, टाळेबंदीत, प्रत्यारोपणाचे तर कार्यक्रमच थांबले होते. देशात २०१९ साली सर्व अवयव मिळून साडेबारा हजारांवर प्रत्यारोपणे झाली होती. २०२० मध्ये ती साडेसात हजारांच्या आत आली. त्यातली बहुसंख्य मूत्रपिंडाची असतात, आणि प्रत्येक लांबलेल्या शस्त्रक्रियेमागे त्याच दालनातल्या त्याच खुर्चीवरचे आणखी काही महिने होते.

औषधांचे काय झाले, हे मला सगळ्यांत बोलके वाटते. कोविडवरच्या उपचारांच्या जवळपास निम्म्या चाचण्यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांना सरळ बाहेर ठेवले. कारण समजण्यासारखे आहे: औषध शरीरात साचेल, निकाल गढूळ होतील. पण ज्यांचा मृत्युदर सर्वाधिक त्यांच्यावरच औषध तपासायचे नाही, म्हणजे पुढे डॉक्टरने अंदाजाने द्यायचे किंवा द्यायचेच नाही. डेक्सामेथासोन स्वस्त, आणि त्याची मात्रा मूत्रपिंडासाठी बदलावी लागत नाही. ते तरी मिळाले. पण स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांच्या पाठोपाठ २०२१ च्या मे महिन्यात काळी बुरशी महाराष्ट्रात पसरली, तेव्हा तिच्यावरचे अँफोटेरिसिन मूत्रपिंडालाच घातक, आणि त्याचे सौम्य लायपोसोमल रूप बाजारातून गायब. पॅक्सलोव्हिड आले तेव्हा तेही गाळण्याची क्षमता तिसाच्या खाली असलेल्यांना वर्ज्य होते. एप्रिल २०२१ मध्ये ज्या रेमडेसिव्हिरसाठी राज्यभर लोक औषध दुकानांसमोर रात्र काढत होते, त्याच्या माहितीपत्रकावरही तीच तिसाची मर्यादा होती. आक्षेप मुख्यतः औषध विरघळवणाऱ्या घटकाच्या साचण्याबद्दल होता. अखेर तपासले गेले तेव्हा रेमडेसिव्हिर डायलिसिसच्या रुग्णांतही मात्रा न बदलता चालते, असे ठरले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ती मंजुरी दिली १४ जुलै २०२३ ला. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे त्याआधीच, ५ मे रोजी, जाहीर केले होते.