गाण्यानं जाग आणणारा गजर

कुणाला धारा काढायच्या असतात, कुणाला वाळूजच्या कंपनीची पहिली पाळी गाठायची असते, तर कुणाला शाळेचे डबे करायचे असतात. पहाटे ४ ला उठायचं म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी रात्रीतून तीनदा घड्याळ बघतात. गजरावर भरवसा नसला की झोपही धड लागत नाही. म्हणून गाण्याचा चांगला गजर कसा निवडायचा, ते आज आम्ही उस्मानपुऱ्यातल्या मैत्रिणी सांगणार आहोत.

गाणंच कशाला? ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठानं २०२० साली ५० जणांना त्यांच्या गजराबद्दल विचारलं. गुणगुणता येईल अशा चालीचा गजर लावणाऱ्यांनी उठल्यावरची सुस्ती कमी असल्याचं सांगितलं. माणसं थोडीच होती, पण करून बघायला पैसे लागत नाहीत.

घरात स्मार्टफोन असेल तर वेगळं घड्याळ घ्यायची गरज नाही. गाणं फोनमध्ये उतरवून घ्या. इंटरनेटवरचं गाणं रेंज गेली की दगा देतं. फोन सायलेंट असला तरी बहुतेक फोनवर गजर वाजतो, कारण गजराचा आवाज वेगळा लावलेला असतो. तो पुरेसा मोठा आहे ना, ते बघा. आवाज हळूहळू वाढवण्याची सोय असेल तर ती चालू करा. मात्र फोन बंद पडला की बहुतेक वेळा गजरही गेला. रात्री लाईट जात असेल तर झोपण्याआधीच चार्जिंग करा. आणि ए.एम. म्हणजे मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतची वेळ, हे लक्षात ठेवा. नाहीतर गजर दुपारी ४ ला वाजेल.

सेलवरचं काट्याचं घड्याळ लाईटवर अवलंबून नसतं. पण त्याचा गजराचा काटा मोघम असतो, पाच-दहा मिनिटं मागंपुढं होतं. दुकानातच सेल घालून वाजवून बघा. घरी आणल्यावर दिवसा दोनदा गजर लावून तपासा.

रेडिओचं घड्याळ घेताना एक विचारा: आपण उठतो तेव्हा स्टेशन सुरू असतं का? आकाशवाणीच्या बऱ्याच केंद्रांची सकाळची सभा सहाच्या सुमारास सुरू होते. ४ वाजता नुसती खरखर ऐकू येईल.

गाणं कोणतं लावावं? अंगाईसारखं संथ नको. सुरुवातीला लांबलचक शांतता असलेलंही नको. आमची एक सूचना आहे. पूर्वी पहाटे जात्यावर बायका दळण दळताना ओव्या गायच्या आणि घरातली लेकरं त्या आवाजानं जागी व्हायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तुमच्या गटातल्या आजींनाही ओव्या येत असतील. त्यांना विचारून त्यांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा आणि तोच गजर लावा. ओवीही जपली जाईल.

शेवटचं एक. गजर कितीही गोड असला तरी तो झोपेची भरपाई करत नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. गजर नेहमी बाईच्याच उशाशी का? पाण्याच्या पाळीच्या दिवशी तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर लावा, आणि तुम्ही निवांत झोपा.