एकट्याचे नाट्य

रंगमंचावर एकच नट उभा असतो. तरीही प्रेक्षकांना माणसांची गर्दी दिसू लागते! लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात अशी किमया करून दाखविली. लग्नासाठी लंडनला निघालेल्या खेडवळ वऱ्हाडाच्या या कथेतील ५२ पात्रे ते एकटेच रंगवीत असत.

हे कसे साधते? नट समोरचा अदृश्य माणूस मनाने पाहत असतो. त्याची दृष्टी जेथे स्थिरावते, तेथे प्रेक्षकांनाही तो माणूस दिसू लागतो. नाटकातील पात्र स्वतःशीच बोलते, तेव्हा त्या भाषणास ‘स्वगत’ म्हणतात. एकपात्री प्रवेशात मात्र पात्र पुष्कळदा दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असते.

असा प्रवेश तुम्हांलाही रचता येईल. समजा, तुम्ही शाळेतील वृद्ध शिपायाची भूमिका निवडली. आज त्याच्या नोकरीचा अखेरचा दिवस आहे. तो मुख्याध्यापकांशी बोलत आहे. शाळा सुटल्याची घंटा आज आपल्या हाताने वाजवावी, एवढीच त्याची इच्छा आहे. परंतु शाळेत आता विजेची घंटा आली आहे आणि मागण्याचा त्याला संकोच वाटतो. म्हणून तो आधी पावसाचा विषय काढतो. किल्ल्यांचा जुडगा मेजावर ठेवतो आणि पुन्हा उचलतो. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, त्याला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते, हे ठरले की संवाद आपोआप सुचू लागतात. इच्छा आणि अडचण यांच्या ओढाताणीतूनच नाट्य जन्मास येते.

प्रवेश सादर करताना मुख्याध्यापकांची जागा निश्चित करा. प्रश्न विचारल्यावर क्षणभर थांबा, जणू उत्तर ऐका आणि मगच पुढे बोला. हे मौनदेखील अभिनयच होय. आवाज हळुवार असला, तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे.

शिपायाच्या चालण्याबोलण्याची नक्कल करून हशा मिळविणे सोपे आहे. परंतु इतकी वर्षे सांभाळलेली घंटा हातातून सुटताना त्याला काय वाटत असेल, याचा विचार करा. ते उमगले, तर रंगमंचावर खरा माणूस उभा राहील. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या शाळेतील शिपाई दिसताच तुम्ही त्याच्याकडे अधिक आपुलकीने पाहाल.